पोरांची युनो आणि आपलं पाणी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शहरातल्या एका शाळेत झालेल्या ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’ची बातमी आपल्या अंकात फोटोसह आली होती. कोट-टाय घातलेली पोरं, हातात करंडक, मागं बॅनर. त्यानंतर वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी त्यावर झोड उठवली. पैसेवाल्यांच्या पोरांचं इंग्रजी मिरवायचं खूळ, इकडं मराठी शाळांचे वर्ग ओस पडताहेत आणि यांना युनो सुचतेय, असा त्यांचा सूर होता. त्यांचा निम्मा राग मलाही मान्य आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल लिहायला बसलोय. पत्र लांबणार. जागा नसेल तर कात्री लावा, पण पाण्याचा भाग तेवढा ठेवा.

मी फार शिकलेला माणूस नव्हे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला होतो आणि नोकरीतली बरीच वर्षं युनियनच्या कमिटीत. पगारवाढीच्या करारासाठी मॅनेजमेंटसमोर बसायचं, तिथं जुळलं नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात बसायचं, हे माझं दुसरं काम. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातलं ‘बारा-तीनचं सेटलमेंट’ (कलम १२(३), सरकारी मध्यस्थीनं झालेला करार) म्हणजे काय हे माझ्या पिढीच्या कुठल्याही कमिटीवाल्याला झोपेतनं उठवून विचारा. वाटाघाट आम्ही पुस्तकातनं शिकलो नाही. त्याच नजरेनं मी पोरांची ही युनो बघितली. माझी नात नववीत आहे, ती त्यात होती, आणि शेवटच्या दिवशी पालकांना मागच्या बाकांवर बसू देत होते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खऱ्या युनोत १९३ देश आहेत. इथं एकेक पोरगं एकेका देशाचं प्रतिनिधी होतं. देश बहुतेक वेळा वाटून दिला जातो, हवा तो मिळत नाही. आपल्या देशाचं म्हणणं काय ते आधी लिहून द्यायचं, मग सभागृहात पाटी वर करून बोलायची पाळी मागायची. एक-दीड मिनिटाचं भाषण. समोर ‘चेअर’ म्हणून कॉलेजातली थोरली पोरं बसलेली असतात. मधेमधे सभा थांबवून सगळे उठतात आणि घोळक्या-घोळक्यानं ठराव लिहितात. शेवटी मतदान. ही कल्पना काही आजची नाही. युनो १९४५ साली झाली, पण त्याआधीच्या राष्ट्रसंघाची नक्कलसुद्धा अमेरिकेतल्या कॉलेजांत चालायची, आणि हार्वर्डच्या विद्यार्थ्यांची परिषद १९५५ पासून भरतेय.

आता पाण्याकडं येतो. विषय होता नाईल नदीवरचं धरण, आणि नातीच्या वाट्याला आला इथिओपिया. घरी आली ती फुगूनच. म्हणाली, ‘आबा, धरण बांधणाऱ्यांची बाजू दिलीया मला.’ हे तिला का झोंबलं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. आमचं मूळ घर शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठाला. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा ही पोर गावाकडं होती. बोटीतनं बाहेर काढली तिला. दावणीला बांधलेली जनावरं काय झाली ते तिला अजून कुणी धड सांगितलेलं नाही. ३९ फुटांला इशारा आणि ४३ फुटांला धोका, हे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आणि पारावर बसलेल्या माणसांच्या तोंडात तेव्हापासून एकच नाव, अलमट्टी, म्हणजे कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेलं धरण. त्याच्या फुगवट्यानं आपल्याकडं पूर येतो, असं त्यांचं म्हणणं. धरण म्हणजे आपल्या मुळावर उठलेली वस्तू, हे तिनं कुठं वाचलं नव्हतं, तिनं ते भोगलं होतं.

तिनं देश बदलून मागितला. शाळेनं दिला नाही. ते फार बरं केलं.

मग ती वाचायला लागली. रोज रात्री जेवताना एकेक गोष्ट बाहेर पडायची. इजिप्तला पोचणारं नाईलचं सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगरांतनं येतं. आणि १९५९ साली इजिप्त आणि सुदान या दोघांनी बसून पाणी वाटून घेतलं, ५५.५ अब्ज घनमीटर इजिप्तला आणि १८.५ सुदानला. इथिओपिया त्या करारात कुठंच नाही! ज्याच्या डोंगरावर पाऊस पडतो त्याला बोलावलंच नाही. २०११ साली त्यांनी धरण बांधायला काढलं. बाहेरनं पैसा उभा राहीना, तर सरकारनं लोकांना बाँड विकले आणि नोकरदारांनी पगारातनं वर्गणी दिली. देशातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या घरात वीज नाही, हे त्यांचं कारण. धरणाची साठवण ७४ अब्ज घनमीटर. हे आपल्या हिशेबात बसवून द्या म्हणाली. मी कागदावर मांडलं तर २,६०० टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपास गेलं. आपली अलमट्टी आजच्या उंचीला १२३ टीएमसीची. म्हणजे वीसेक अलमट्ट्या एका ठिकाणी. पोरगी गप्पच झाली. मीही.

दुसऱ्या बाजूला इजिप्त. तिथं पाऊस जवळपास नाहीच, सगळं जगणं त्या एका नदीवर. वरच्यानं पाणी अडवून धरलं आणि नेमका दुष्काळ पडला तर काय, ही त्यांची धास्ती खोटी म्हणता येत नाही. आणि मधे सुदान. धरण सुदानच्या सरहद्दीला लागूनच आहे. पूर अडतो म्हणून सुदानला ते हवंही आहे, आणि वरनं किती पाणी कधी सोडणार ते कळलं नाही तर आपण बुडणार म्हणून नकोही आहे. हे ऐकल्यावर मी तिला म्हटलं, ‘मग तू इथिओपिया आणि आपण सुदान की गं.’ ती म्हणाली, ‘नाही आबा. आपलं धरण खाली हाय, त्यांचं वर हाय.’ बरोबर होतं तिचं. आपल्याला फुगवट्याची भीती, त्यांना सोडलेल्या पाण्याची. पण रोजच्या रोज आकडा कळवा ही मागणी दोन्हीकडं तीच.

एक गोष्ट तिनं अशी शोधून काढली की मी आमच्या जुन्या कमिटीवाल्यांना फोन करून सांगितली. अनेक देशांतनं वाहणाऱ्या नद्यांचं पाणी कसं वापरावं याबद्दल युनोच्या आमसभेनं १९९७ साली एक करार मंजूर केला. बाजूनं १०३, विरोधात ३, तटस्थ २७. विरोधात होते चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी. आणि तटस्थांत कोण? इजिप्त आणि इथिओपिया दोघंही. भारत आणि पाकिस्तान, तेही दोघं. एकमेकांच्या पाण्यावर डोळा ठेवून बसलेले चौघं, आणि मत देताना चौघांनीही हात खाली ठेवला. नातीला हे कोडं पडलं, की भांडणारे एकाच बाजूला कसे? मी म्हटलं, ज्याला उद्या वरचा आणि खालचा दोन्ही व्हावं लागतं तो आज शब्द देत नाही. भारताचंच बघ, गंगेला बांगलादेशासाठी आपण वरचे, आणि ब्रह्मपुत्रेला चीनसाठी खालचे. आमच्यात पर्मनंट कामगारांचा प्रतिनिधी कंत्राटी कामगारांच्या ठरावाला असाच गप्प बसायचा, ते मी तिला सांगितलं नाही. मोठी झाली की सांगेन.

प्रत्यक्ष सभेतली भाषणं, खरं सांगायचं तर, कंटाळवाणी होती. बरीचशी पोरं मोबाईलमधनं वाचत होती, आणि दोघा-तिघांची भाषणं इतकी एकसारखी की ती एआयकडनंच लिहून घेतलेली, हे चेअरच्याही ध्यानात आलं. एकाला उलटा प्रश्न विचारला तर त्याला स्वतःच्या भाषणातलं वाक्य कळेना. असो.

खरी गंमत सुरू झाली ती सभा उठवल्यावर. पोरं त्याला ‘अनमॉड’ म्हणतात. खुर्च्या मागं सरकल्या, जिन्याखाली एक घोळका, पाण्याच्या टाकीपाशी दुसरा. माझी नात आणि इजिप्त झालेला पोरगा हातवारे करून भांडत होते. तो एकच आकडा धरून बसला होता, ५५.५. यातला थेंबही कमी होणार नाही. ही म्हणत होती, ज्या करारावर आमची सही नाही तो आम्ही मानायचा कसा? तोवर सुदानवाल्या मुलीकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं. बारीक चणीची, चष्मा, सभेत दोनदाच बोलली असेल. ती वही घेऊन दोघांच्या मधे बसली आणि तिनं दोघांना निराळं निराळं विचारलं, की तुम्हाला झोप कशानं येत नाही ते सांगा. आकडा सांगू नका. इजिप्त म्हणाला, दुष्काळाचं साल. इथिओपिया म्हणाली, पुढं कधीच दुसरं धरण बांधू देणार नाहीत. मग वहीत लिहायला सुरुवात झाली. पाऊस अमुक टक्क्यांपेक्षा कमी झाला तर इथिओपियानं धरणातनं किती सोडायचं. आकडे रोज सकाळी सुदानला आणि इजिप्तला कळवायचे. तिन्ही देशांचे इंजिनिअर मिळून मोजमाप करणार. इजिप्तनं इथिओपियाच्या विजेच्या गरजेला ठरावात जागा द्यायची. भांडण झालं तर निवाडा बाहेरच्यानं करायचा आणि तो बंधनकारक, ही इजिप्तची मागणी मात्र माझ्या नातीनं शेवटपर्यंत मानली नाही. खरा इथिओपियाही नेमका तिथंच अडलाय, हे तिला ठाऊक होतं. हा प्रश्न २०२० आणि २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेपुढं गेला होता, तेव्हाही परिषदेनं निवाडा न करता आफ्रिकन युनियनच्या मध्यस्थीनं बोलणी करा असंच सांगितलं.

मी मागं बसून हे बघत होतो आणि मला आमचे करार आठवत होते. मॅनेजमेंटसमोर टेबलावर जी भाषणं व्हायची ती गेटवर उभ्या असलेल्या कामगारांसाठी असायची, हे दोन्ही बाजूंना माहीत असायचं. करार जुळायचा तो चहाच्या टपरीवर, त्यांचा पर्सोनेल मॅनेजर आणि आमचा सेक्रेटरी बाजूला उभे राहिले की. आम्ही बेसिक धरून बसायचो, ते प्रॉडक्शन नॉर्म धरून बसायचे. कुणाला आतनं कशाची भीती आहे ते कळेपर्यंत गाडी हलायची नाही. हे शिकायला मला नोकरीची पहिली दहा-बारा वर्षं आणि एक फसलेला संप लागला. नववीतल्या पोरांना तीन दिवसांत त्याची चव तरी मिळाली. चवच, त्यापेक्षा जास्त नाही. आमच्या करारात चूक झाली तर चारशे घरांची चूल बिघडायची, इथं चूक झाली तर नुसता करंडक जातो. हा फरक मोठा आहे आणि तो पोरांना कुणीतरी सांगायला हवा.

दुसऱ्या खोलीत सुरक्षा परिषद भरली होती. तिथला एक पोरगा आमच्याच गल्लीतला, त्यामुळं त्याची कथा रिक्षात ऐकायला मिळाली. पंधरा देश, ठराव मंजूर व्हायला नऊ मतं लागतात. यांनी दिवसभर खपून अकरा जमवली. मग कायमच्या पाच देशांतल्या एकानं विरोधात पाटी वर केली आणि त्या एका नकाराधिकारानं सगळं संपलं. पोरगा रडकुंडीला आला होता. ‘आबा, अकरा जणांपेक्षा एकटा मोठा कसा?’ मी त्याला काय सांगणार?  पण जगाचा कारभार असा चालतो हे त्याला पंधराव्या वर्षी कळलं, आणि ते त्यानं स्वतः आपटून घेऊन शिकलं. आमसभेचा ठराव ही नुसती शिफारस असते, कुणाला बांधून ठेवत नाही, हे माझ्या नातीलाही शेवटच्या दिवशी कळलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, मग एवढं कशाला केलं?

आपल्याकडं वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची मोठी परंपरा आहे, मग हे नवं कशाला, असंही त्या पत्रात होतं. मी शाळेत असताना वादविवादात बक्षीस मिळवलेलं आहे, त्यामुळं बोलतो. ‘सन्माननीय परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ म्हणायचं, मुठी आवळायच्या, शेवटी एखादी कवितेची ओळ फेकायची आणि टाळ्या घेऊन उतरायचं. विषयाच्या बाजूनं बोलणारा आणि विरोधात बोलणारा यांची व्यासपीठावर गाठसुद्धा पडत नाही. दोघांनी मिळून एका कागदावर सही करायची असं वादविवादात कधी नसतं. युवा संसद चांगली, पण तिथं बऱ्याचदा सरांनी लिहून दिलेला संवाद पाठ करून म्हणायचा असतो. विरोधी पक्ष कुठल्या क्षणी सभात्याग करणार हेसुद्धा आधी ठरलेलं. पोरांच्या युनोत सही मागायला दुसऱ्याच्या बाकापाशी जावं लागतं, आणि तो ‘नाही’ म्हणू शकतो.

आणि परक्याच्या बाजूनं बोलायची सवय आपल्या गावाला जरा कमीच आहे. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की मंगळवार पेठेच्या पोराला शिवाजी पेठेच्या बाजूनं पाच मिनिटं बोलायला लावून बघा! अख्खा स्टँड अंगावर येईल. मी स्वतः त्या स्टँडातला आहे, म्हणून सांगतो.

आता त्या गृहस्थांच्या रागातला मला मान्य असलेला भाग.

पहिली गोष्ट पैशाची. प्रवेश फी, कोट, बूट, बाहेरगावी जायचं तर हॉटेल. आमच्या नातीचा कोट तिच्या मामेभावाकडनं आणला, बाह्या आत दुमडून घातला. ज्यांना मामेभाऊ नाही त्यांचं काय? कोटाशिवाय देशाचं प्रतिनिधित्व होत नाही असं कुठं लिहिलंय? खऱ्या युनोत आफ्रिकेतले, अरबांचे प्रतिनिधी आपापल्या पोशाखात बसतात.

दुसरी, बक्षिसाची. ‘बेस्ट डेलिगेट’ कुणाला मिळालं? जो सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात मोठ्यानं बोलला त्याला. सुदानवाल्या मुलीचं नावसुद्धा घेतलं नाही. तिच्या वहीतला मसुदा जवळजवळ जसाच्या तसा ठरावात गेला होता! परीक्षक खुर्चीवरनं उठून जिन्याखाली गेलेच नाहीत, तर त्यांना दिसणार कसं? आणि आपल्या वर्तमानपत्रानंही, रागावू नका, फोटो करंडकवाल्याचाच छापला. बक्षिसांमुळं आणखी एक खोड लागते. ठराव जुळत आला की त्यात आपलं नाव पहिलं यावं म्हणून मारामारी, आणि दुसऱ्या घोळक्याचा कागद मुद्दाम पाडायचा. हे मी डोळ्यांनी बघितलं. माझं म्हणणं, बक्षीसच द्यायचं तर ते ठरावाला द्या, सगळ्या सह्या करणाऱ्यांना मिळून.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि इथं मी त्या गृहस्थांच्या एक पाऊल पुढं आहे. आमच्या पोरांना सभेत मराठी बोललं की चेअर टोकायची. पण युनोच्या स्वतःच्या सहा भाषा आहेत. अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. आणि सातव्या भाषेत बोलायचं असेल तर भाषांतराची सोय प्रतिनिधीनं केली की झालं. १९७७ साली परराष्ट्रमंत्री असताना अटलबिहारी वाजपेयी आमसभेत हिंदीत बोलले ते असंच. म्हणजे न्यूयॉर्कमधली खरी युनो सैल आणि कोल्हापुरातली कडक! गंमत बघा, अनमॉडमध्ये जिन्याखाली सगळा सौदा मराठीतच झाला. ‘तू दुष्काळाचं मान्य कर, मी विजेचं घालतो’ हे कुणी इंग्रजीत बोललं नाही. मग तेच सभागृहात इंग्रजीत जाताना निम्मं गळलं.

म्हणून माझी सूचना अशी आहे, आणि ती महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी आहे. परिषद मराठीत भरवा. नाईल नको, कृष्णा घ्या. आपल्याकडं कागद भरपूर आहेत. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्राला ८०० दिलं. त्यानंतरच्या ब्रिजेशकुमार लवादानं २०१० साली अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरनं ५२४.२५६ मीटर करायला मान्यता दिली, आणि ते प्रकरण सुप्रीम कोर्टात अडकलंय. २०१९ च्या महापुरानंतर आपल्याच राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, आणि शिरोळ-सांगलीकडच्या अनेकांना ते आजही पटत नाही. शिरोळच्या पोराला कर्नाटक करा. त्याला विजापूर-बागलकोटच्या कोरडवाहू रानाबद्दल बोलू दे. त्यानं उभं राहून विचारू दे, की तुम्ही कोयनेचं पाणी विजेसाठी डोंगराच्या पलीकडं सोडता, ते पूर्वेला सोडलं असतं तर? आणि महाराष्ट्र झालेल्या पोरीला त्याचं उत्तर आकड्यांनी द्यावं लागू दे. घोषणेनं नको.

आणखी जवळचं हवं असेल तर इचलकरंजीच्या पाण्याचा प्रश्न आहे. शहराला पाणी पाहिजे हे खरं, आणि दूधगंगेच्या काठावरच्या गावांना, त्या नदीचं पाणी शहराला नेणाऱ्या सुळकूड योजनेची भीती वाटते हेही खरं. त्याआधी वारणेवरनं दानोळीतनं पाणी आणायचं म्हटलं तेव्हाही हेच झालं. इचलकरंजीच्या पोरांना दूधगंगाकाठ द्या, कागलच्या पोरांना इचलकरंजी. पुढाऱ्यांना मात्र आत घेऊ नका, पोरांच्या तोंडून स्वतःची भाषणं म्हणून घेतील.

बेळगावचा प्रश्न द्यावा का? माझी नात म्हणते द्यावा. माझं मत, शाळेत नको, कॉलेजात द्या. आमच्या पिढीला तो अजून दुखतो, आणि एखाद्या कोल्हापूरच्या पोरानं कर्नाटकाची बाजू चांगली मांडली तर त्याला घरी जेवण मिळेल का याची मला शंका आहे. कॉलेजच्या पोराला निदान मेसचा डबा असतो.

याला खर्च काय लागतो? एक वर्ग, पुठ्ठ्याच्या पाट्या, झेरॉक्स, आणि जलसंपदा खात्यातला एखादा निवृत्त इंजिनिअर, जो पोरांनी आकडा चुकवला की टोकेल. आपल्या गावात असे इंजिनिअर रंकाळ्यावर रोज संध्याकाळी फिरत असतात. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन शेवटच्या दिवसाच्या सभेला मिळालं तर उत्तम. शाहू महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण ज्या संस्थानात आणलं तिथं ही परिषद फी भरणाऱ्यांपुरती राहू नये, एवढं तरी शिक्षणाधिकाऱ्यांनी मनावर घ्यावं. चेअर म्हणून लॉ कॉलेजची पोरं बोलवा. कोल्हापुरात आता हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, वकील होऊ घातलेल्यांना नियम सांभाळायची सवय लागली तर वाईट काय? फक्त त्यांना सांगा, अनमॉड सुरू झालं की खुर्ची सोडून जिन्याखाली जायचं, कोण काय लिहितंय ते बघायचं आणि गुण तिथं द्यायचे.

नातीचं सांगायचं राहिलं. परिषद झाल्यावर पुढच्या रविवारी आम्ही गावाकडं गेलो. पारावर नेहमीप्रमाणं अलमट्टी निघाली. तिनं विचारलं, ‘काका, त्यांच्याकडच्या रोजच्या विसर्गाचा आकडा तुम्ही बघता का?’ काकांनी तिला गप्प बसवलं, पोरीची जात असून लई बोलतीस म्हणाले. ती गप्प बसली नाही. तिनं मोबाईलवर आवक-जावकेचे आकडे काढून दाखवले. काकांना ते पटले नाहीत, ते म्हणाले सरकारी आकडे खोटे असतात. त्यावर ही म्हणाली, मग खरे आकडे कोण मोजणार ते ठरवूया की. तिथून पुढं तासभर वाद चालला. माझं घर पाण्यात गेलेलं आहे, त्यामुळं मी कुणाच्या बाजूनं हे लिहीत नाही. पण त्या पारावर कुणी असा प्रश्न विचारलेला मी तरी ऐकला नव्हता.

कुठल्याही शाळेनं ठरवलं तर आमच्या जुन्या कमिटीतले आम्ही तिघं-चौघं यायला तयार आहोत. मागणीपत्र कसं लिहायचं, कुठला मुद्दा टेबलावर ठेवायचा आणि कुठला खिशात, समोरच्याला तोंड लपवायला जागा कशी सोडायची, एवढं आम्ही सांगू शकतो. माझ्याकडं जुन्या करारांची एक फाइल आहे, दोन्हीकडच्या खाडाखोडीसकट. तिचीही झेरॉक्स देऊ. मानधन नको, चहाचं आमचं आम्ही बघू.

नाव छापू नये ही विनंती. नात म्हणते, शाळेत चिडवतील.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री कामगार,
कोल्हापूर